दुपारी दोनची रात्र

अण्णांची रात्र दुपारी दोनला सुरू व्हायची आणि सहाला संपायची. वार रविवार. यामागचं त्यांचं कारण पक्कं होतं. "रात्री बाहेर राहिलेल्या माणसाला घरचे शंभर प्रश्न विचारतात. रविवारी जेवून दुपारी बाहेर पडलेल्या पुरुषाला कोणी काही विचारत नाही. उलट घरच्यांना जरा पडायला मिळतं."

निफाडच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून आत वळलं की बागांच्या मधोमध त्यांचं पॅकहाऊस होतं. जानेवारी ते एप्रिल तिथे मरणाची गडबड. बागेतून द्राक्षांचे क्रेट यायचे, बायका कात्रीनं खराब मणी काढून घड डब्यांत भरायच्या, डबे थंड खोलीत गार व्हायचे आणि कंटेनर भरून माल परदेशी जायचा. हंगाम संपला की मशिनवर ताडपत्री, शटर खाली, आणि एवढी मोठी शेड वर्षाचे उरलेले महिने नुसती पडून. रिकाम्या शेडमध्ये कोणी कांदा भरतं, कोणी मांडवाचं सामान ठेवतं. अण्णांनी मँचेस्टर भरलं होतं.

ते तीन वर्षं त्या गावात होते. इथून गेलेला माल तिथल्या बाजारात उतरला की पेट्या उघडून तो कसा पोचला ते बघायचं, अशी नोकरी. तिकडून आलेले लोक राजवाडा, मोठं घड्याळ असलं काय काय सांगतात. अण्णा त्यातलं काहीच सांगायचे नाहीत. ते फक्त एक गल्ली सांगायचे. कालव्याच्या काठची. पुरुषांवर जीव असलेल्या पुरुषांची आणि बायकांवर जीव असलेल्या बायकांची. ओळीनं पब आणि क्लब, दिवे लावून, उघड्यावर. पावसानं काळ्या पडलेल्या विटा. लोखंडी पूल. पाण्यात बदकं आणि बिअरचे डबे शेजारी शेजारी तरंगताहेत. दात वाजवणाऱ्या थंडीत बिनबाह्यांचे कपडे घालून रांगेत उभ्या राहिलेल्या पोरी. आणि कोपऱ्यावरच्या पबाबाहेर सोनेरी केसांचा टोप लावून सिगरेट ओढणारा एक सत्तरीचा गडी, वर चमकीचा गाऊन आणि पायात घरातल्या सपाता.

"सपाता का?" चांदवडचा बँडमास्तर विचारायचा.

"गाणं म्हणून झालं की टाचेचे बूट काढतो तो. टाचा दुखतात बिचाऱ्याच्या. वय झालंय."

आई आजारी पडली म्हणून अण्णा परत आले. आई गेली, पॅकहाऊस वाट्याला आलं, आणि ती गल्ली त्यांनी शेडमध्ये मांडली. घड निवडायचं लांब टेबल म्हणजे पहिला पब. ऑफिस म्हणजे दुसरा, वयस्कर लोकांचा, तिथे बसून हळू बोलायचं. मागे गाडी लागायचा ओटा म्हणजे कालव्याचा काठ, सिगरेट तिथेच ओढायची. आणि सगळ्यात शेवटी प्रीकूलिंगची, म्हणजे माल गार करायची खोली, तो क्लब. तिच्या चारी भिंतींना वीतभर जाडीचं फोमचं अस्तर. आत बँड वाजवा, बाहेर झोपलेलं कुत्रं कान हलवणार नाही. मी मशिन लावून ती खोली बारा-तेरा डिग्रीवर आणून ठेवायचो. तसा अण्णांचा हुकूमच होता. मे महिन्यात बाहेर निफाड चाळीसवर आणि आत सगळे स्वेटर घालून नाचताहेत.

लोक तरी कुठून कुठून यायचे. नाशिकचे, सिन्नरचे, येवल्याचे. मालेगावचा ब्रदर. तो नाशिकच्या एका दवाखान्यात नर्स होता, आणि दवाखान्यात पुरुष नर्सला ब्रदरच म्हणतात, म्हणून आमच्यातही तो ब्रदर. सातपूरच्या दोघी होत्या, कारखान्यात कामाला, एकाच खोलीत बहिणी म्हणून राहायच्या. त्या कधी नाचल्या नाहीत. ऑफिसातल्या बाकावर एकमेकींचा हात धरून चार तास बसायच्या आणि सहाला उठून जायच्या. जाताना अण्णांना म्हणायच्या, "लय भारी झाली रात्र."

मी किनवटकडचा. आठवीनंतर शाळा सुटली, कामाच्या मागे फिरत फिरत अंबडच्या कारखान्यात आलो. खोलीत आम्ही चौघं. एकानं माझा फोन वाचला. संध्याकाळी कामावरून आलो तर माझी बॅग गटाराच्या कडेला आणि दाराला आतून कडी. गावी कळलं असतं तर तिकडचंही दार तसंच. त्या काळात मास्तरशी माझी फक्त फोनवरची ओळख होती. त्यानं मला निफाडच्या बसमध्ये बसवलं. अण्णांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि दोन प्रश्न विचारले. "जेवलास का?" आणि "मशिन शिकशील?" तिसरा प्रश्न त्यांनी कधीच विचारला नाही. माझं नावही त्यांना दोन-तीन दिवसांनी कळलं असेल, पण तोपर्यंत मी 'किनवट' झालो होतो. आता त्या शेडमध्ये बाराही महिने डाळिंब असतं, मी दुसऱ्या ठिकाणी मशिन बघतो, तरी मागून कोणी किनवट म्हटलं की मी अजून वळून बघतो.

अण्णांचं दिसणं सांगायचं राहिलं. उंच, थोडे वाकलेले, साठीला टेकलेले. अंगात राखाडी रंगाचा लोकरीचा कोट, तिकडे जुन्या कपड्यांच्या दुकानातून घेतलेला. रविवारी त्यावर टाय. हातात कायम छत्री, ऊन असो नसो. सकाळी उठून आभाळाकडे न बघता म्हणायचे, "आज तिकडे पाऊस असणार." आणि चहा ओतायचे. हे भाकीत कधी चुकल्याचं मला माहीत नाही.

रविवारी ते क्लबच्या दारावर उभे राहायचे. तीन माणसं असली तरी रांग लावायची. रांगेशिवाय प्रवेश नाही. पेट्यांवर लॉट नंबर मारायचा रबरी शिक्का होता, तो प्रत्येकाच्या मनगटावर मारायचे आणि म्हणायचे, "या लव्ह, सावकाश." त्या गावात बसचा ड्रायव्हरही अनोळखी माणसाला लव्ह म्हणतो, भाजीवालीही म्हणते, आपण 'बाबा' म्हणतो तसं. मास्तर दर वेळी छातीवर हात ठेवून म्हणायचा, "अण्णा, अठरा वर्षं झाली लग्नाला, माझ्या बायकोनं एकदा असं म्हटलं नाय."

"तू तरी म्हटलास का तिला?"

"मी म्हटलं तर ती डॉक्टरकडं नेईल मला."

खायला चिप्स. त्या गावात चिप्सवर घट्ट तपकिरी रस्सा ओतून खातात, हे अण्णांनी सांगितल्यावर आम्ही काय करणार? निफाडच्या मिसळवाल्याकडून किटलीभर कट आणायचा आणि बटाट्याच्या गरम काचऱ्यांवर ओतायचा. अण्णा डोळे पुसत खायचे. तिखटानं की कशानं, ते कळायचं नाही.

गावानं त्यांच्या लग्न न करण्याचा उलगडा स्वतःच करून टाकला होता. अण्णांनी तिकडे एक गोरी बाई ठेवली होती, ती इकडे यायला तयार झाली नाही, म्हणून हा माणूस झुरत राहिला. अण्णांनी हे कधी खोडलं नाही. पारावर कोणी डोळा मारून विचारायचं, "काय अण्णा, आमच्या गोऱ्या वहिनी कशा आहेत?" अण्णा गंभीरपणे सांगायचे, "बऱ्या आहेत. थंडीत गुडघे धरतात." मग माणसं हळहळायची. एका म्हातारीनं वहिनींसाठी निर्गुडीचं तेल दिलं होतं, पार्सल करायला. ते आम्ही कंप्रेसरजवळच्या फळीवर ठेवलं होतं आणि माझ्याच गुडघ्यांना लावत होतो.

मला मात्र सारखी धास्ती. आत गाणं सुरू झालं की मी रस्त्याकडे कान लावायचो. कोणाची गाडी थांबली, कोणी शटर वाजवलं, कोणी खिडकीतून फोन धरला तर? माझी बॅग परत गटाराच्या कडेला, आणि या वेळी एकट्याची नाही, सगळ्यांची. अण्णा म्हणायचे, "किनवट, तू पंख्याचा आवाज ऐक. माणसांचे आवाज मी ऐकतो."

आणि एकदा खरंच शटर वाजलं. शेजारच्या बागेचे तात्या. आदल्या आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, रविवारी एवढ्या मोटारसायकली कसल्या? अण्णा बोलून गेले होते, "ट्रेनिंग. युरोपचा माल कसा करायचा त्याचं." आणि आता तात्या दारात, सोबत विशीतला मुलगा, मुलाच्या काखेत कोरी वही. "पोराला बी बसवा अण्णा. फी काय असंल ती देतो."

सवयीनं अण्णांच्या तोंडून निघालं, "या लव्ह." तात्यांना वाटलं इंग्रजीत नमस्कार असेल. तेही हात जोडून म्हणाले, "लव, लव."

अण्णांनी क्लबचं दार ओढून फट केली, त्यावर छत्रीनं तीनदा ठोकलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "चला, बाहेर या, लेक्चरची वेळ झाली." आतून सगळे बाहेर आले. स्वेटर, गळ्यात ओढण्या, डोळ्यांत काजळ, ब्रदरच्या गालावर चमकी. उलट्या क्रेटवर रांगेनं बसले. अण्णांनी टायची गाठ सारखी केली आणि बोलायला लागले. मण्याचा आकार, साखर, देठाचा हिरवेपणा, फवारणीचा अंश किती चालतो, कुठला देश कशाला नाही म्हणतो. तास-दीड तास. मी त्यांच्याकडे एवढं काम केलं, पण इतकं चांगलं समजावून सांगताना त्यांना कधी ऐकलं नव्हतं. तात्या मान डोलवत होते. मग शेवटी त्यांनी विचारलंच, "बाकी समदं समजलं. ह्या काजळाचं काय?"

मास्तर उठला. "तात्या, थंड खोलीचं वारं डोळ्याला लय वंगाळ. काजळ घातलं की डोळा फुटत नाय. एक्सपोर्टचा नियमच हाय तो."

पुढच्या जानेवारीत तात्यांचा मुलगा ट्रॅक्टरमधून माल घेऊन आला, तेव्हा त्याच्या दोन्ही डोळ्यांत काजळ होतं. माल मात्र एक नंबर निघाला.

त्या लेक्चरच्या दिवशी सगळे हसून हसून लोळले, पण मला वेगळंच काही दिसलं होतं. सगळ्यांना बाहेर बोलवायलासुद्धा अण्णा आत गेले नव्हते. छत्रीच्या टोकानं, बाहेरूनच. मग मी लक्ष ठेवायला लागलो. एवढं सगळं मांडणारा माणूस क्लबात एकदाही आत यायचा नाही. हंगामात त्याच खोलीत दिवसातून दहा वेळा जायचे, पेट्यांवर हात फिरवायचे. पण रविवारी, ती खोली क्लब झाली की उंबऱ्याबाहेर प्लास्टिकची खुर्ची आणि छत्री.

श्रावणातला एक रविवार होता. आत ब्रदर नाचत होता. तो नाचायला लागला की बाकीचे कडेला सरायचे. मी अण्णांना म्हटलं, "या ना आत. दारावर मी थांबतो."

"नको."

"तिकडे क्लबात तर रोज जात असाल."

ते बराच वेळ शिक्क्याच्या रबरावरची शाई बोटानं पुसत राहिले. मग म्हणाले, "किनवट, मी तिथे एकदाही आत गेलो नाही."

मला आधी कळलंच नाही.

"तीन हिवाळे. दर शुक्रवारी बसनं जायचो. कालव्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, हरवलेल्या माणसासारखं, आणि परत. दारं मला सगळी पाठ आहेत. कुठल्या दारावर कुठला माणूस, कोणता दिवा मिचमिचतो, कोणत्या खिडकीतून कोणतं गाणं येतं. पुलावर उभं राहायचो. एकदोनदा रांगेतही उभा राहिलो. माझा नंबर आला की पाय मागे फिरायचे."

"कशामुळे?"

"आपल्याकडचे आणखी चार जण होते त्या बाजारात. कोणी बघितलं असतं तर? आणि खरं सांगू, कोणी नसतं तरी गेलो नसतो. आत गेल्यावर काय करायचं असतं तेच माहीत नव्हतं. नाचता येत नाही. कोणाशी बोलायचं, हात कुठे ठेवायचे. शेवटची बस यायची आणि मी जायचो."

"मग ते आतलं सगळं? तो जिना, तो आरसा?"

क्लबात खाली उतरणारा एक जिना आहे, वळणावर भला मोठा आरसा आहे, तिथे प्रत्येक जण थांबून केस सारखे करतो आणि मगच खाली जातो, असं अण्णा सांगायचे. ते ऐकून ब्रदरनं जुन्या बाजारातून आरसा आणून आमच्या दाराशेजारी टांगला होता.

"असेलच की काहीतरी तसं," अण्णा म्हणाले. "बाहेर येणारे सगळे केस सारखे केलेले असायचे."

ही गोष्ट मला एकट्याला ठाऊक होती आणि मी ती पोटात ठेवली. पण दिवाळीच्या आधी ब्रदर पेढे घेऊन आला. इंग्लंडात नोकरी लागली होती, म्हाताऱ्या माणसांच्या एका संस्थेत. त्यानं अण्णांचे पाय धरले. "अण्णा, गाव तर विचारा ना कोणतं!" आणि त्यानंच सांगून टाकलं. सगळ्यांनी ओरडून शेड डोक्यावर घेतली. मास्तरनं क्लॅरिनेट काढलं. सातपूरच्या दोघींपैकी थोरली म्हणाली, "आता खरं काय ते कळंल, अण्णा म्हणतात तस्संच आहे का." ती भोळेपणानं म्हणाली होती. अण्णांच्या हातातला पेढा हातातच राहिला.

नंतरचे दोन-तीन रविवार ते ब्रदरला लंडनचं कौतुक सांगत होते. लंडन मोठं, लंडनला ऊन पडतं, लंडनला बदली मागून घे. ब्रदर हसायचा. "अण्णा, ज्या गल्लीत तुमचे पाय लागले, तिथंच जाणार मी." तो गेला की अण्णा रिकाम्या शेडमध्ये येरझाऱ्या घालायचे.

मी म्हटलं, "सांगून टाका ना त्याला. काय होणार आहे?"

"काय होणार आहे?" ते पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "ही माणसं घरी बायकोला सांगत नाहीत, आईला सांगत नाहीत, ते माझ्या दारात घेऊन येतात. कशावर? मी बघून आलोय म्हणून. मी खोटा निघालो तर कोण येईल पुढच्या रविवारी? आणि नाही आले तर कुठे जातील?"

मी कुठे गेलो असतो, ते मला चांगलं माहीत होतं.

ब्रदर गेला. एकदोनदा फोन आला, थंडीचा, जेवणाचा, म्हाताऱ्यांचा. गल्लीचं नाव त्यानं काढलं नाही, आणि अण्णांनीही नाही.

मग हंगाम सुरू झाला. जानेवारीतला एक रविवार, पहाटेची वेळ. निफाडला त्या दिवसांत द्राक्षाच्या पानावर बर्फ धरतो अशी थंडी असते. ओट्याला कंटेनर लागला होता, हमाल पेट्या चढवत होते, मी एकेका थरात थर्मामीटरची सळई घालून माल किती गार झालाय ते बघत होतो. अण्णांचा फोन वाजला. हातात चहा म्हणून त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"अण्णा? जागे आहात ना?" ब्रदरचा आवाज, दात वाजत होते. तिकडे शनिवारची मध्यरात्र. "मी इथं आलोय. त्या पुलावर."

अण्णांनी चहा ओट्याच्या कठड्यावर ठेवला. आम्ही दोघं हमालांपासून दूर, बागेच्या बाजूला गेलो.

"तीन दफा आलो आणि गेलो," ब्रदर म्हणाला. "चौथ्यांदा आलोय. अण्णा, पाय नहीं उठ रहे. दारावर दोन जण उभे आहेत, मोठे मोठे. रांग आहे. माझ्या मागं-पुढं सगळे जोडीनं. मी जाऊन काय बोलू? तुम्ही पहिल्यांदा गेलात तेव्हा काय बोलला होतात?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता सांगतील काहीतरी, त्यांना काय, जिना आणि आरसा रचणाऱ्या माणसाला एक वाक्य रचायला किती वेळ लागतो? तोंड उघडलंही त्यांनी. तोंडातून नुसती वाफ निघाली.

"अण्णा? आवाज येतोय का?"

"ब्रदर," अण्णा म्हणाले, "मला माहीत नाही रे. मी गेलोच नाही कधी."

"क्या?"

"त्या दारातून. कुठल्याच दारातून. तू आता उभा आहेस ना, त्याच पुलावरून परत फिरायचो. तीन वर्षं."

पलीकडे बराच वेळ नुसती गर्दी ऐकू येत होती, टाचांचा आवाज, कोणी तरी मोठ्यानं हसलं. मग ब्रदर हळूच म्हणाला, "फिर वो जिना? आरसा?"

"मनाचा."

"मी तो जुन्या बाजारातून डोक्यावर घेऊन आलो होतो अण्णा. बसमध्ये."

"हो रे."

"कंडक्टरनं त्याचं हाफ तिकीट घेतलं होतं."

आणि तो हसायला लागला. हसता हसता रडत असावा, नाक ओढत होता. अण्णा फोन दोन्ही हातांत धरून उभे होते, काहीतरी सांडेल असा. "मग आता मी काय करू? परत जाऊ?"

"नको," अण्णा पटकन म्हणाले. "परत जाणं मला येतं, ते मी सांगू शकतो तुला. तीन वर्षं केलंय. घरी जाऊन हीटरजवळ बसायचं आणि पुढच्या शुक्रवारची वाट बघायची. ते नको करूस."

"मला भीती वाटते."

"वाटू दे. फोन बंद करू नकोस. खिशात ठेव. मी आहे इथे, किनवट पण आहे. बोलणार नाही काही."

मग आम्ही दोघं द्राक्षाच्या बागेच्या कडेला उभे राहून त्याच्या खिशातलं ऐकत राहिलो. कापडाची खसखस. पावलं. रांग पुढे सरकत असावी. मागे हमाल ओरडले, थर पूर्ण झाला म्हणून. मी हातानंच थांबवलं. एक जाडा आवाज काहीतरी विचारत होता. ब्रदर अडखळला. अण्णांना राहवलं नाही, ते फोनमध्ये कुजबुजले, "पासपोर्ट मागत असेल. दाखव." जणू ब्रदरला खिशातलं ऐकू जाणार होतं. पुन्हा खसखस. मग दार उघडल्यासारखा गाण्याचा एकदम लोट आला, एवढा मोठा की अण्णांनी फोन लांब धरला, आणि फोन कट झाला.

"गेला," अण्णा म्हणाले.

तिथून पुढे त्यांचं कामात लक्ष नव्हतं. कंटेनरचं दार लावताना सील उलटं धरलं. दोन वेळा चहा मागवला आणि दोन्ही वेळा प्यायला विसरले. ऊन वर आल्यावर, बायका कामावर येऊन कात्र्या घेऊन बसल्यावर पुन्हा फोन वाजला. अण्णांनी मला बाहेर बोलावून तो स्पीकरवर टाकला. ब्रदर बसस्टॉपवर होता.

"झालं का?" अण्णांनी विचारलं. "कसं होतं?"

"जिना नाही आहे अण्णा. सपाट आहे सगळं. जमीन चिकट. गरम होतं. फार काही नाही."

"नाचलास?"

"नाही."

"मग? कोणाशी बोललास?"

"एक गडी म्हणाला, थंडी आहे. मी म्हटलं, हो. बस्स." ब्रदर जांभई देत होता, पण आवाज हलका होता. "अण्णा, अर्धे लोक तर भिंतीला पाठ लावून, ग्लास धरून नुसते उभे असतात. मी पण तसाच उभा राहिलो. कोणी काही विचारत नाही."

"नुसते उभे?"

"हो."

"भिंतीला टेकून?"

"हो अण्णा. दोन तास."

शेडमध्ये कात्र्यांची कचकच चालू होती. मुकादमीण दारातून हाका मारत होती, पहिला क्रेट बघून द्या म्हणून. त्यांनी तिला मान हलवून येतो म्हटलं आणि जागचे हलले नाहीत. फोन तसाच तोंडाशी.

"एवढंच होतं होय," ते म्हणाले. "मग तेवढं मला जमलं असतं रे."